गवतांत उतरलेलें विष
(शेतकरी मंडळींपुढें दिलेलें भाषण)



ज्वालामुखी म्हटला कीं जमीन फुटून आगीचा लोंढा गांवावर आला, एवढेंच आपल्या डोळ्यांपुढें येतें. पण एका देशांत आगीनें नव्हे, गवतानें माणसें मारलीं. गुरेंढोरें पाळणाऱ्या आपण सर्वांनीं ही हकीगत ऐकलीच पाहिजे.

युरोपच्या वायव्येस समुद्रांत आइसलंड नांवाचें बेट आहे. तेथें धान्य पिकत नव्हतें. मेंढरें, गाई व मासे यांवर लोकांचा संसार. 1783 च्या जूनच्या 8 तारखेस लाकी टेकडीपाशीं जमीन सुमारें 17 मैल लांब चिरली आणि आठ महिने त्या भेगेंतून तापलेला रस वाहत राहिला. (आपला दख्खनचा काळा दगडहि असाच वर आला, त्याला साडेसहा कोटी वर्षें झालीं.)

रसापुढून माणसें पळालीं व वांचलीं. पण धुरांतलें फ्लोरिन नांवाचें विषारी द्रव्य राखेबरोबर कुरणांवर बसलें. तें गवत खाऊन जनावरांच्या जबड्यांना व सांध्यांना गांठी आल्या. चालवेना, चरवेना. यवतमाळकडील कांहीं विहिरींच्या पाण्यांत ह्याच जातीचें द्रव्य प्रमाणाबाहेर असतें, आणि पोरांचे दांत डागाळतात. यावरून त्याचा गुण ओळखा. पांचांतलीं चार मेंढरें गेलीं, अर्धीं गुरें गेलीं. मग माणसें उपाशीं पडलीं. सुमारें 50 हजार वस्तींतला पांचवा हिस्सा मेला.

समुद्रापलीकडे धान्य होतें. पण 1602 पासून बेटाचा व्यापार डेन्मार्कच्या राजाच्या मक्त्यांत. दुसऱ्याकडून पायलीभर दाणे घेण्याचीहि मोकळीक नाहीं. तो मक्ता उठला 1787 सालीं!

तेथें योन स्टेनग्रिम्सन नांवाचा पाद्री होता. 20 जुलैला त्यानें देवळांत प्रवचन केलें व रस गांवाबाहेर थांबला, म्हणून लोक त्याला मानतात. नद्यांचें पाणी रसावर पडून तो थिजला, हें त्या दिवशीं कोण पाहतो? मला त्याचें मोठेपण दुसरीकडे दिसतें. कोणत्या जनावराला काय झालें, हें त्यानें बारकाईनें लिहून ठेवलें. आजचे शास्त्रज्ञ तें वाचतात. पुढें सरकारी मदतीच्या पैशाची मोहोरबंद पेटी अंमलदाराकडे पोंचविण्याचें काम त्याच्याकडे आलें. वाटेंत जनावरें घेण्यास पैसा नसलेले शेतकरी भेटले. त्यानें मोहोर फोडली आणि पैसे तेथेंच वांटले.

सरकारनें त्याला दंड केला, आणि चारचौघांत माफी मागावयास लाविली.