एका मूळसंख्येचा निवाडा



मूळसंख्या अनंत आहेत हे युक्लिडने दोन हजार वर्षांपूर्वीच सिद्ध करून ठेवले. परंतु अमुक एक प्रचंड संख्या मूळ की संयुक्त, याचा निवाडा करण्याची वेळ आली म्हणजे त्या सामान्य सिद्धांताने काम भागत नाही. म्हणून आजच्या विवेचनासाठी मी एकच संख्या घेतली आहे : दोनाच्या १२७ व्या घातातून एक वजा केला असता येणारी १७०१४११८३४६०४६९२३१७३१६८७३०३७१५८८४१०५७२७ ही एकोणचाळीस अंकी संख्या.

मेर्सेन या फ्रेंच धर्मोपदेशकाने १६४४ साली या जातीच्या संख्यांची यादी प्रसिद्ध केली आणि २५७ पर्यंतच्या घातांपैकी कोणते मूळसंख्या देतात, हे पुराव्यावाचून सांगून टाकले. घातांक मूळ असला म्हणजे संख्याही मूळ, असा नियम नाही. ११ व्या घाताने मिळणारी २०४७ ही संख्या २३ आणि ८९ यांचा गुणाकार आहे. मेर्सेनच्या यादीत ६७ आणि २५७ हे चुकीने शिरले, ६१, ८९ आणि १०७ हे गळाले. १२७ मात्र बरोबर निघाला. पण बरोबर निघालेले विधानही पुराव्यावाचून मतच राहते, आणि गणिताच्या दरबारात कोणाच्या थोरवीचा दाखला चालत नाही.

१२७ चा पुरावा एदुआर लूकास याने १८७६ साली दिला. एकेका भाजकाची झडती घ्यावी म्हटले, तर या संख्येचे वर्गमूळच वीस अंकी आहे. सबब ती वाट मनुष्याला बंदच होती. लूकासच्या पद्धतीला लेहमरने १९३० साली जे सुटसुटीत रूप दिले, ते असे : चारापासून आरंभ करावा, वर्ग करून दोन वजा करावेत, आपल्या संख्येने भागून बाकी ठेवावी, आणि त्या बाकीवर पुन्हा तीच क्रिया करावी, घातांकाहून दोनाने कमी इतक्या पायऱ्यांनंतर बाकी शून्य आली तर संख्या मूळ, एरवी संयुक्त. सातव्या घाताची १२७ ही संख्या घेतली, तर चारानंतर १४, ६७, ४२, १११ अशा बाक्या येतात आणि पाचव्या पायरीला शून्य. आपल्या एकोणचाळीस अंकी संख्येला अशा १२५ पायऱ्या पुरतात.

१८७६ च्याच सुमारास लूकासने ६७ व्या घाताची संख्या संयुक्त असल्याचा फैसला दिला, आणि तोही तिचा एकही भाजक हाती नसताना! ते भाजक, १९३७०७७२१ आणि ७६१८३८२५७२८७, कोलने १९०३ साली शोधून काढले. मला या साऱ्या इतिहासाचे मर्म येथेच दिसते. वस्तू हाती येण्यापूर्वीच तिच्याविषयी निःसंदेह निर्णय करण्याचे सामर्थ्य मानवी बुद्धीने येथे कमावले, आणि ते केवळ संख्येची घडण ओळखून.

१९५१ पर्यंत, म्हणजे पाऊणशे वर्षे, लूकासची ही मूळसंख्या ज्ञात मूळसंख्यांत सर्वांत मोठी होती. सभेतील विद्यार्थ्यांना माझी एवढीच विनंती, की माझ्या शब्दावर विसंबू नका. घरी जाऊन पाचव्या घाताची ३१ ही संख्या याच रीतीने स्वतः पारखा, तिसऱ्या पायरीला शून्य येते की नाही ते पाहा, आणि मगच ही पद्धत मान्य करा.