नवी मोटार आणि गॅरेजातला उस्ताद





"मुलगा अभ्यासात रमत नाही, आठवीतून काढून गॅरेजला लावतो," असे सांगणारे पालक मला दरवर्षी भेटतात. गॅरेजचा धंदा हलका आहे, असे मी मुळीच म्हणणार नाही. आपल्या समाजातील कित्येक घरांच्या चुली त्यावर पेटल्या आहेत. परंतु त्या गॅरेजात येणारी मोटारच आता बदलली आहे, हे आपण ध्यानात घेतले पाहिजे.

अँबेसेडर आणि फियाटच्या काळातला उस्ताद कानाने काम करी. आवाज ऐकून कार्बोरेटरचा स्क्रू अर्धा आटा फिरवी आणि गाडी सुरळीत चाले. नव्या मोटारीत कार्बोरेटरच नाही. एक किलो पेट्रोल पुरते जळण्यास सुमारे १४.७ किलो हवा लागते. हे प्रमाण साधले की नाही, ते धुराच्या नळीतील ऑक्सिजन सेन्सर कळवितो, आणि पेट्रोल किती सोडावयाचे ते गाडीतला छोटा संगणक ठरवितो. १ एप्रिल २०२० पासून देशभर भारत स्टेज ६ चे नियम लागू झाले आणि हा हिशेब आणखी काटेकोर झाला.

नव्या डिझेल गाडीत काजळी अडविणारी गाळणी असते. साचलेली काजळी सुमारे ६०० अंश उष्णतेला जळून जाते. गाडी रोज घर ते बाजार एवढीच चालली, तर तेवढी उष्णता येत नाही व गाळणी तुंबते. तुंबणे सुरू होताच गाडी काही वेळ हमरस्त्यावर सलग चालविली, तर पुष्कळदा काम भागते. इंजिन खोलण्याचे कारण नसते.

माझा एक जुना विद्यार्थी आज मेकॅनिक आहे. त्याच्याकडे इंजिनाचा दिवा पेटलेली गाडी आली. स्टिअरिंगखालच्या १६ पिनांच्या सॉकेटला त्याने स्कॅनर जोडला. 'पी ०१७१' असा आकडा आला. त्याने ऑक्सिजन सेन्सर बदलला, गिऱ्हाइकाचे पैसे गेले, दिवा मात्र पुन्हा पेटला. त्या आकड्याचा अर्थ एवढाच, की मिश्रणात हवा जास्त आणि पेट्रोल कमी आहे. सेन्सर खरे तेच सांगत होता! चिरलेल्या एका रबरी नळीतून जादा हवा आत शिरत होती. तो मला म्हणाला, "सर, मशीनने इंग्रजीत सांगितले, मला ते समजले नाही." मित्रहो, मशीन रोग सांगत नाही, लक्षण सांगते. रोग ओळखण्यास डोके लागते.

विजेच्या मोटारीत तर चूक जिवावर बेतेल. अनेक गाड्यांच्या बॅटरीचा दाब ३०० व्होल्टच्या वर असतो. म्हणूनच त्या दाबाच्या केबली नारिंगी रंगाच्या ठेवतात. पुरवठा तोडल्याशिवाय, योग्य हातमोजे घातल्याशिवाय त्यांना हात लावावयाचा नसतो. ही सूचना ज्याला वाचता येत नाही, त्या पोराला आपण तेथे कसे उभे करणार?

म्हणून पालकांना माझी कळकळीची विनंती आहे. मुलाला पाना जरूर द्या, पण दहावीनंतर द्या. आयटीआयमध्ये मोटार मेकॅनिकचा दोन वर्षांचा अभ्यासक्रम दहावी उत्तीर्णांसाठीच आहे. आणि विद्यार्थी मित्रहो, गुणोत्तर, वीज आणि इंग्रजी हे धडे परीक्षेपुरते नाहीत. उद्याच्या उस्तादाची तीच हत्यारे आहेत.