केनियातील कायदा आणि आपला कागद



केनिया म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे सिंह आणि झेब्रे येतात. परंतु ज्याचा भाचा नैरोबीस दुकान चालवितो किंवा ज्याची मुलगी मोंबासाच्या कारखान्यात हिशेबनीस आहे, त्याला पडणारे प्रश्न निराळे. भाड्याच्या दुकानातून मालक उद्या बाहेर काढील काय? ठेवलेला नोकर नको झाला तर? चार पैसे साठले, जमीन घ्यावी काय? या सगळ्यांना इकडून एकच उत्तर जाते : "कागद पक्का करून घे." सल्ला वाईट नाही, पण अर्धा आहे. केनियाचा कायदा कागदाकडे कोणत्या नजरेने पाहतो, हे आज आपल्यापुढे मांडावयाचे आहे.

आपल्या लोकांचा एक समज तेथे फार जुना आहे, तो असा की केनियाचा कायदा म्हणजे आपलाच कायदा. त्याला आधारही होता. 1897 साली ब्रिटिशांनी पूर्व आफ्रिकेत हिंदुस्थानचे कित्येक कायदे जसेच्या तसे नेऊन बसविले. आपला 1872 चा कराराचा कायदा तेथे 1960 साल संपेपर्यंत चालला, आणि 1882 चा मालमत्ता हस्तांतरणाचा कायदा तर 2012 साली नवे जमीनकायदे येईपर्यंत टिकला. स्वातंत्र्य मिळून जवळजवळ पन्नास वर्षे झाली तरी तेथील कित्येक जमिनींचे व्यवहार आपल्या जुन्या कायद्याने होत होते! पण ते दिवस गेले. इकडच्या वकिलाच्या भरवशावर तिकडचा व्यवहार आता कोणी करू नये.

प्रथम दुकान घेऊ. स्वाहिलीत दुकानाला 'दुका'च म्हणतात, तेव्हा शब्दाची तरी अडचण नाही. केनिया 1963 च्या डिसेंबरात स्वतंत्र झाला आणि 1965 साली दुकाने, हॉटेले व खानावळी यांच्या भाडेकरूंसाठी कायदा आला. त्यातली मौज अशी की भाड्याचा करार लेखी नसेल तर भाडेकरू आपोआप संरक्षित होतो. करार लेखी आहे पण पाच वर्षांपेक्षा अधिक मुदतीचा नाही, तरीही तो संरक्षितच. अशा भाडेकरूला काढावयाचे किंवा त्याचे भाडे वाढवावयाचे तर मालकाने ठरावीक नमुन्यात निदान दोन महिन्यांची नोटीस दिली पाहिजे. भाडेकरूने त्या मुदतीत न्यायाधिकरणाकडे धाव घेतली की निकाल लागेपर्यंत ती नोटीस लागू होत नाही. मालकाने स्वतः कुलूप ठोकले तर तो स्वतःच अडचणीत येतो.

मालकही काही भोळे नाहीत. म्हणून नैरोबीत पाच वर्षे आणि वर काही महिने अशा चमत्कारिक मुदतीचे भाडेपट्टे दिसतात. आपल्याकडे अकरा महिन्यांच्या कराराची प्रथा पडली, तिचेच हे भावंड. एवढेच की आपल्याकडे मुदत तोकडी केली, तिकडे लांबविली. तेव्हा जो नवखा दुकानदार "मला सहा वर्षांचा पक्का कागद मिळाला" म्हणून पेढे वाटतो, त्याने त्या सहीने काय गमावले हेही विचारावे. अशा कागदात भाडेवाढीचे आणि मुदतीनंतरचे कलम डोळ्यांत तेल घालून वाचले पाहिजे, कारण त्याचे रक्षण आता तो कागदच करणार.

नोकराच्या बाबतीतही असेच आहे. तेथील 2007 च्या कायद्याप्रमाणे तीन महिने किंवा अधिक मुदतीची नोकरी असेल तर करार लेखी हवा, आणि तो लिहवून घेण्याची जबाबदारी मालकाची. "मी काही लिहूनच दिले नाही, तो काय सिद्ध करणार?" असे म्हणणारे शेटजी आपण पाहिले असतील. तेथे न्यायालय त्यांनाच विचारते, की नोकर सांगतो ती अट खोटी असल्याचे तुम्ही दाखवा. रोजंदारीवरचा मनुष्य सलग महिनाभर कामावर राहिला की कायदा त्याला महिन्याच्या पगारावरचा नोकर समजतो. त्याला काढताना महिन्याच्या हिशेबाने नोटीस द्यावी लागते. गैरवर्तनाचा आरोप असेल तर त्याला समजेल अशा भाषेत कारण सांगून, त्याच्या पसंतीच्या सोबत्यासमोर त्याचे म्हणणे ऐकावे लागते. हे न करता काढले तर भरपाई बारा महिन्यांच्या पगारापर्यंत जाऊ शकते. रागाच्या भरात उच्चारलेले "उद्यापासून येऊ नकोस" हे वाक्य इतके महाग पडते.

आता जमीन. 2010 च्या घटनेप्रमाणे परक्या नागरिकाला जमीन फक्त भाडेपट्ट्याने मिळते, तीही 99 वर्षांपेक्षा अधिक नाही. "मग कंपनीच्या नावे घेऊ" हे उत्तर ठरलेले. परंतु जिची संपूर्ण मालकी केनियाच्या नागरिकांची आहे, तीच कंपनी घटनेच्या दृष्टीने नागरिक ठरते. थोरला भाऊ केनियाचा नागरिक, धाकट्याचा पासपोर्ट भारताचा, आणि प्रेमाने त्याला एकच शेअर दिलेला : तेवढ्याने कंपनी परकी झाली! केनियाने 2010 पासून दुहेरी नागरिकत्व मान्य केले आहे, पण भारत ते मानत नाही. तेव्हा दोन्ही दरडींवर पाय ठेवण्याची सोय आपल्या माणसाला नाही.

याहून मोठा धोका खुद्द मालकीच्या दाखल्यात आहे. सार्वजनिक जमिनी बड्या लोकांना बेकायदा वाटल्या गेल्याचे न्दुंगू आयोगाने 2004 साली उघड केले. त्यातल्या कित्येक जमिनी पुढे विकल्या जातात, आणि शेवटच्या खरेदीदाराच्या हाती असतो सरकारी शिक्क्याचा दाखला. मोंबासाच्या समुद्रकाठच्या अशाच एका जागेचे वाटप 1989 साली तत्कालीन राष्ट्राध्यक्ष मोई यांना झाले होते. ती पुढे विकली जाऊन एका कंपनीकडे आली. 2023 साली सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला की मूळ वाटपच कायदेशीर नव्हते, तेव्हा आपण प्रामाणिकपणे विकत घेतली ही सबब कंपनीला उपयोगी नाही. पैसे खरे, शिक्का खरा, जमीन मात्र गेली. म्हणून तेथे आजच्या मालकाचा दाखला पाहून थांबू नये. पहिले वाटप कोणी, कोणाला आणि कोणत्या अधिकाराने केले, तेथपर्यंतचे कागद वकिलाकडून तपासून घ्यावेत. त्याची फी कितीही वाटली तरी जमिनीपेक्षा कमीच असते.

आणखी एक गोष्ट, जी बायकांनी विशेष ध्यानात ठेवावी. राहते घर धंद्याच्या कर्जापायी बँकेकडे गहाण टाकावयाचे, तर दाखला एकट्या नवऱ्याच्या नावे असला तरी बायकोची संमती घ्यावी लागते. तो कागद पुढे आला की तिने आधी वाचावा, मग सही करावी. आणि करावयाची नसेल तर न करण्याचा अधिकार तिला आहे.