आधी टाकी, मग रोप

(विहाराच्या वर्धापनदिनी केलेल्या भाषणाचा मजकूर)



संयोजकांनी मला 'विहार परिसर आणि वृक्षारोपण' या विषयावर दोन शब्द बोलायला सांगितले. विषय चांगला आहे. पण झाडावर बोलायच्या आधी मला पाण्यावर बोलायचे आहे, कारण आपल्या भागात रोप मिळणे अवघड नाही, ते जगवणे अवघड आहे.

आपण रोपे कधी लावतो? 14 एप्रिलला, नाहीतर बुद्धपौर्णिमेला. म्हणजे ऐन चैत्र-वैशाखात. पाहुण्यांच्या हस्ते रोप लागते, फोटो निघतो, टाळ्या होतात. दुसऱ्या दिवशी पाणी कुणी घालायचे? ते काम बहुधा शेजारच्या घरातल्या बाईवर येते. नळाला पाणी आले तर ती आधी घरचा पिंप भरणार, पिण्याचे हंडे भरणार, की रोपाला घालणार? तिने घर बघितले तर तिला बोल लावता येईल का? माणसाच्या पिण्याच्या पाण्यातला वाटा काढून बाग करणे बरोबर नाही. बागेचे पाणी वेगळे पाहिजे. ते आपल्या डोक्यावरच आहे, म्हणजे छपरावर.

आता कुणी म्हणेल, आपल्याकडे पाऊसच कुठाय? हिशेब करून बघू या. सोलापूर जिल्ह्यात वर्षाला सरासरी 500 ते 550 मिलिमीटर पाऊस पडतो. एक चौरस मीटर जागेवर एक मिलिमीटर पाऊस पडला की एक लिटर पाणी होते. एक हजार चौरस फुटांचा स्लॅब म्हणजे साधारण 93 चौरस मीटर. 500 मिलिमीटर धरले तर त्यावर 46 हजार 500 लिटर पाणी पडते. उडून, सांडून, वाळून पाचवा हिस्सा गेला असे धरा. तरी 37 हजार लिटर हाताला लागते. दहा हजार लिटरचा टँकर धरला तर साडेतीन टँकरच्या वर झाले. आज हे सगळे पन्हाळातून खाली पडते आणि गटारीला जाते.

उजनी धरण आपल्याच माढा तालुक्यात आहे. ते 1980 साली पूर्ण झाले आणि त्यामुळे या भागात ऊस आला, बागा आल्या. पण 2016 च्या उन्हाळ्यात तेच धरण वजा पातळीत गेले होते. एवढ्या मोठ्या धरणाची ही गत होते, तर आपण आपल्या छपरापुरती तरी तजवीज करायला नको का?

बंधू-भगिनींनो, ही तजवीज आपल्याला नवी नाही. तुमच्यापैकी पुष्कळ जण मुंबईला गेल्यावर बोरिवलीजवळची कान्हेरी लेणी बघून आला असाल. पुढच्या वेळी मूर्ती आणि स्तूप बघून झाले की जरा पायाखाली बघा. खडकात बारीक पन्हळी कोरलेल्या दिसतील. वरून येणारे पावसाचे पाणी त्या पन्हळींतून लेण्याशेजारच्या टाक्यात जाते. या टाक्यांना तिथल्या ब्राह्मी शिलालेखांत 'पोढी' असे नाव आहे. मुंबईला पाऊस भरपूर, पण तोही चारच महिने. उरलेले आठ महिने भिक्खू संघ त्या डोंगरावर या साठवलेल्या पाण्यावर राहत असे.

आणि ही टाकी कुणी दिली? कल्याणच्या एका सोनाराने पाण्याची पोढी दान दिल्याचा लेख कान्हेरीला आहे. भाजे लेण्यात एका महारठीने पोढी दान दिल्याचे कोरले आहे. म्हणजे लेणे देणे हे जसे दान, तसेच पाण्याचे टाके देणे हेही दान, आणि दात्याचे नाव दगडावर कोरण्याइतक्या मोलाचे. संयुत्त निकायात वनरोप सुत्त आहे. बाग लावणारा, वन लावणारा, पूल बांधणारा, पाणपोई आणि विहीर देणारा, निवारा देणारा, अशांचे पुण्य रात्रंदिवस वाढत जाते, असा त्याचा आशय आहे. बघा, झाड आणि पाणी तथागतांनी एकाच दमात सांगितले आहे. आपण मात्र झाड घेतले आणि पाणी सोडून दिले.

आता प्रत्यक्ष काय करायचे ते सांगतो. गच्चीचा उतार एका कोपऱ्याला घ्यायचा, पत्रा असेल तर कडेने पन्हाळ लावायचे. तिथून पाइप खाली आणायचा. पहिल्या एक-दोन पावसांत धूळ, पाला, पाखरांची विष्ठा येते; ते पाणी बाहेर सोडायला पाइपला एक तोटी ठेवायची. पुढचे पाणी जाळीतून आणि खडी-वाळूच्या थरातून टाकीत घ्यायचे. काळ्या जमिनीत टाकी पुरू नका. ती माती पावसात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते आणि बांधकामाला तडे जातात. मुरमावर, जमिनीपासून दोन-तीन फूट उंच ओट्यावर बांधली तर मोटारीशिवाय नळीने झाडापर्यंत पाणी जाते. टाकीला घट्ट झाकण आणि कुलूप पाहिजे, कारण परिसरात लेकरे खेळतात. जादा पाणी जायच्या पाइपला बारीक जाळी बांधा, नाहीतर डासांची पैदास होईल, डेंग्यू येईल. ते जादा पाणी झाडांच्या आळ्यांत सोडा. आणि हे पाणी झाडांचे आहे, पिण्याचे नाही, असे टाकीवर ठळक लिहा.

दहा हजार लिटरची टाकी पुरते का? एक इंच पाऊस झाला तर या स्लॅबवरून साधारण 1,800 लिटर पाणी मिळते. पाच-सहा चांगल्या पावसांत टाकी भरते. आपल्याकडे परतीचा पाऊस मोठा, म्हणून ऑक्टोबरअखेर ती भरलेली ठेवता येते. नोव्हेंबर ते जूनचा पहिला आठवडा हे 32 आठवडे. तीस रोपांना आठवड्याला दहा लिटर प्रत्येकी, म्हणजे 9,600 लिटर. हिवाळ्यात थोडे कमी द्या, मे महिन्यात वाढवा. दहा लिटर थोडे वाटेल, पण रोपाशेजारी मातीचे मडके गळ्यापर्यंत पुरा, त्यात पाणी भरून झाकण ठेवा. ते झिरपत झिरपत मुळाशीच जाते. वरून पालापाचोळ्याचे आच्छादन घाला. वाढलेल्या झाडाला हे पाणी पुरणार नाही, पण पहिली दोन-तीन वर्षे रोप जगवायला पुरते.

पिंपळ मात्र भिंतीपासून आणि टाकीपासून लांब लावा. त्याची मुळे बांधकाम फोडतात. कडेने कडुनिंब लावा. आपल्या मोडनिंब गावाच्या नावातच निंब आहे!

वेळापत्रक आपल्या सणांतच आहे. बुद्धपौर्णिमेला गच्ची, पन्हाळ आणि टाकी धुऊन काढायची. आषाढ पौर्णिमेला वर्षावास सुरू होतो, त्या दिवशी रोप लावायचे. आश्विन पौर्णिमेला वर्षावास संपतो, त्या दिवशी टाकीत काठी घालून पाणी मोजायचे आणि फळ्यावर लिहायचे. नंतर दर आठवड्याची पाळी घराघरांत वाटून द्यायची. त्यात पुरुषांचीही नावे पाहिजेत, बरं का! भाषण आम्ही करायचे आणि बादली माय-बहिणींनी उचलायची, हे आता बंद झाले पाहिजे.

20 मार्च 1927 रोजी बाबासाहेबांनी महाडच्या चवदार तळ्याचे पाणी ओंजळीत घेतले. एका ओंजळीसाठी आपल्या वाडवडिलांनी डोक्यावर काठ्या झेलल्या. त्यांच्या लेकरांनी छपरावर आलेले हजारो लिटर पाणी गटारीला सोडावे, हे शोभत नाही.

म्हणून माझी एकच विनंती आहे. पुढच्या जयंतीला मंडप आणि लाऊडस्पीकरच्या खर्चातला काही भाग बाजूला काढा आणि विहाराला एक पोढी दान द्या. ज्यांना पैसे देणे जमत नाही त्यांनी एक दिवस श्रमदान द्यावे. आपल्या वस्तीत गवंडी आहेत, प्लंबर आहेत. टाकी झाली, की रोप आणा. मग फोटोसुद्धा खुशाल काढा!

एवढे बोलून मी माझे दोन शब्द संपवतो. जयभीम! नमो बुद्धाय!