संकेतस्थळाची पायाभरणी

बेळगावच्या उद्यमबागेत ओतकामाचे कारखाने आहेत. तेथे वितळलेला धातू ओतण्यापूर्वी वाळूचा साचा काळजीपूर्वक सिद्ध करावा लागतो. साच्यात राहिलेला दोष वस्तूत उतरतो आणि मग कितीही कानस चालविली तरी तो पुरता जात नाही. सर्व्हरवर वेब फ्रेमवर्क बसविण्याचे कामही याच जातीचे आहे. पहिल्या दिवशी घेतलेले निर्णय पुढे वर्षानुवर्षे सोबत राहतात.

फ्रेमवर्क म्हणजे संकेतस्थळाचा आयता सांगाडा. वाचकाची मागणी स्वीकारणे, डेटाबेसमधून नोंद काढणे, पान रचून पाठविणे, आत येणाऱ्याचा अधिकार तपासणे ही नित्याची कामे प्रत्येकाने नव्याने लिहीत बसू नयेत, म्हणून ती एकदाच नीट लिहून ठेवलेली असतात. आज सर्वत्र वापरला जाणारा 'जँगो' हा सांगाडा एका वृत्तपत्राच्या कचेरीत जन्मला, ही गोष्ट ध्यानात घेण्याजोगी आहे. अमेरिकेतील कॅन्सस राज्यातील लॉरेन्स या गावच्या दैनिकात एड्रियन होलोव्हाटी व सायमन विलिसन यांनी २००३ मध्ये त्याचा आरंभ केला. जुलै २००५ मध्ये तो सर्वांसाठी विनामूल्य खुला झाला. जँगो राइनहार्ट या गिटारवादकावरून त्याचे नाव पडले. मोठ्या महानगराबाहेरच्या एका गावाची नित्याची गरज भागविताना झालेले हे काम निपाणी, खानापूर यांसारख्या गावांनाही उपयोगी पडू शकते.

समजा, निपाणीतील एखाद्या वाचनालयास आपल्या मराठी व कन्नड ग्रंथांची सूची संकेतस्थळावर ठेवावयाची आहे. त्यासाठी भाड्याने घेतलेला सर्व्हर म्हणजे दूर कोठेतरी अहोरात्र चालणारा संगणक होय. जँगो हा पायथन या संगणकीय भाषेवर उभा असल्याने प्रथम पायथन तपासावा लागतो, आणि या कामापुरती एक स्वतंत्र खोली करावी लागते. तिला व्हर्च्युअल एन्व्हायर्नमेंट म्हणतात. एकाच सर्व्हरवरील दुसऱ्या कार्यक्रमास निराळी आवृत्ती हवी असली तरी दोहोंचा झगडा होत नाही, हा तिचा लाभ. कोणती आवृत्ती बसविली हे लिहून ठेवणेही तितकेच अगत्याचे. पायथनच्या दुसऱ्या पिढीचा आधार १ जानेवारी २०२० रोजी संपला, तेव्हा ज्यांनी अशी टिपणे ठेवली नव्हती त्यांना आपल्याच घरात काय आहे ते शोधीत बसावे लागले.

यानंतर येते सुरक्षिततेची बाब. नव्या जँगोमध्ये 'डीबग' ही सोय चालू स्थितीत असते. रचना करणाऱ्यास चूक सापडावी म्हणून ती दिलेली आहे. पण संकेतस्थळ लोकांस खुले केल्यावरही ती तशीच राहिली, तर चूक होताच कार्यक्रमाचा अंतर्भाग व फायलींची ठिकाणे परक्यासमोर उघडी पडतात. प्रवेशाच्या खुणांवर शिक्का मारणारी 'सीक्रेट की' इतरांस दिसेल अशा फाइलीत ठेवू नये, आणि कोणत्या नावाने येणारी मागणी स्वीकारावी याची यादीही स्पष्ट द्यावी. जँगोबरोबर मिळणारा छोटा सर्व्हर केवळ चाचणीसाठी आहे. खऱ्या वापरासाठी पुढे एनजिनएक्स व मागे गनिकॉर्न अशी जोडी बहुधा योजिली जाते.

सीमाभागाच्या दृष्टीने याहून महत्त्वाचा प्रश्न लिपीचा आहे. देवनागरी व कन्नड या दोन्ही लिप्यांना युनिकोडमध्ये आपापली जागा आहे. तथापि डेटाबेस ती अक्षरे साठविण्यास तयार हवा. मायएसक्यूएल या डेटाबेसची मूळ योजना २०१८ च्या आठव्या आवृत्तीपर्यंत युरोपीय अक्षरांपुरती होती. ती न बदलता काम सुरू केले, तर आपला मजकूर नाकारला जाई, अथवा अक्षरांच्या जागी प्रश्नचिन्हे उमटत. अशी प्रश्नचिन्हे झालेली नोंद पुन्हा वाचता येत नाही. ग्रंथकर्त्याचे नाव तेथून कायमचे गेलेले असते.

अक्षरांच्या क्रमाचेही तसेच आहे. मराठी वर्णमालेत 'ळ' हे अक्षर 'ह' नंतर येते, आणि कन्नड वर्णमालेतही ते 'ह' नंतरच येते. युनिकोडच्या तक्त्यात मात्र दोन्ही लिप्यांत 'ळ' लगेच 'ल' नंतर बसविलेला आहे. केवळ त्या तक्त्याप्रमाणे यादी लावली, तर 'काळे' हे नाव 'काशीद' या नावाच्या आधी येते, आणि वाचक ते योग्य जागी शोधून निराश होतो. ज्या क्रमावर दोन्ही भाषांचे एकमत आहे, तोच यंत्र मोडते! डेटाबेसला भाषेनुसार क्रम लावण्याची सूचना देता येते, पण ती आरंभीच द्यावयास हवी.

घड्याळाचीही तीच कथा. जँगोच्या नव्या कामात जागतिक प्रमाणवेळ लिहिलेली असते, आणि ती भारतीय वेळेच्या साडेपाच तास मागे आहे. ती न बदलल्यास पहाटे पाच वाजता नोंदविलेल्या मागणीवर आदल्या दिवसाची तारीख दिसते. भाषेची सोय मात्र तयार आहे. जँगोच्या भाषासूचीत मराठीही आहे आणि कन्नडही आहे. वाचकास हवी ती भाषा निवडू देणे यात अवघड काही नाही. अवघड आहे ते बसविणाऱ्याने तिची आठवण ठेवणे.

शेवटचा मुद्दा निगराणीचा. सांगाड्याच्या प्रत्येक आवृत्तीचे आयुष्य ठराविक असते. दीर्घ आधाराच्या आवृत्तीसही सुमारे ३ वर्षेच सुरक्षा-दुरुस्त्या मिळतात. म्हणून आवृत्ती बदलण्यापूर्वी सर्व नोंदींची प्रत काढावी आणि ती निराळ्या ठिकाणी ठेवावी. ती प्रत परत उतरविता येते की नाही, हेही एकदा करून पाहावे. ज्या तरुणाने हे काम केले तो उद्या नोकरीसाठी पुण्याला किंवा बंगळूरला जाईल. त्याने केलेल्या प्रत्येक बदलाची वही वाचनालयात राहिली, तरच मागे राहिलेल्यांना ग्रंथांची ही सूची दोन्ही लिप्यांत जिवंत ठेवता येईल.