करमणुकीचा परवाना आणि जुगाराचे यंत्र

(नागपूर येथे शिक्षक व पंचायत सदस्यांसमोर केलेले भाषण)



दिवसभराच्या श्रमानंतर चार माणसांनी एकत्र यावे, कॅरमचा डाव मांडावा, वृत्तपत्रे चाळावीत, यात गैर काहीच नाही. क्लब, क्रीडा मंडळे व वाचनालये ही समाजजीवनाची विसाव्याची स्थाने होत. परंतु मंडळाच्या खोलीत पैसे लावून खेळण्याचे यंत्र येऊन बसले, की विसाव्याचे स्वरूप पालटते. हटकले असता चालक म्हणतो, ‘आमच्यापाशी परवाना आहे.’ तो परवाना नेमका कशाचा, हे ओळखणे आपणां सर्वांचे कर्तव्य आहे.

इंग्लंडमध्ये २००५ च्या जुगार कायद्यानुसार सभासदांच्या क्लबास अशा यंत्रांचा परवाना मिळू शकतो. मात्र क्लबाचे किमान २५ सभासद असावे लागतात आणि यंत्रे ३ हून अधिक ठेवता येत नाहीत. आपल्या शेजारच्या गोव्यात १९९२ च्या दुरुस्तीने पंचतारांकित हॉटेलांत अशी यंत्रे ठेवण्याची वाट मोकळी झाली. महाराष्ट्रात मात्र क्लबासाठी असा परवानाच अस्तित्वात नाही.

आपल्या भागास जुगारबंदी नवी नाही. १८६७ चा सार्वजनिक जुगार कायदा तत्कालीन मध्य प्रांतासही लागू होता. आज राज्यात १८८७ चा जुगार प्रतिबंधक कायदा अंमलात आहे. १९७६ साली कॅसिनोंवर नियंत्रण व कर बसविणारा कायदा झाला खरा. पण तो कधीच अंमलात आला नाही. २०२३ साली राज्य मंत्रिमंडळाने तो रद्द करण्याचा निर्णय घेतला आणि पुढे त्याचे निरसन झाले.

मग क्लबात पत्ते खेळणे हा गुन्हा आहे काय? केवळ कौशल्याच्या खेळास १८८७ च्या कायद्याने वगळले आहे. सिकंदराबादच्या एका क्लबाच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने १९६७ साली रमी हा प्रामुख्याने कौशल्याचा खेळ ठरविला. सोयींसाठी क्लबाने माफक आकार घेणे म्हणजे जुगाराचा अड्डा चालविणे नव्हे, असेही म्हटले. परंतु खेळावरच जागामालक नफा कमावू लागला, तर तो गुन्हा ठरू शकतो, हेही त्याच निर्णयात सांगितले आहे. तेव्हा कसोटी दुहेरी आहे: खेळ कौशल्याचा आहे काय, आणि पैसा कोणाच्या खिशात जातो?

यंत्र या कसोटीस क्वचितच उतरते. व्हिडिओ गेमसंबंधी १९९५ च्या निर्णयात सर्वोच्च न्यायालयाने परवान्याचे नियंत्रण योग्य ठरविले. यंत्रात फेरफार करून खेळणाऱ्याची जिंकण्याची संधी हिरावता येते, ही बाबही त्यात विचारात घेतली गेली. पत्त्यांच्या डावात समोर माणूस असतो. येथे समोर असते ती मालकाने जुळवलेली कळ.

आता चालक दाखवितो ते कागद पाहू. १८६० च्या कायद्याखालील नोंदणी प्रमाणपत्र संस्थेचे अस्तित्व सिद्ध करते, एवढेच. पोलीस कायद्याखालील नियमांनुसार मिळालेला करमणुकीच्या जागेचा परवाना करमणुकीपुरताच असतो. ग्रामपंचायतीचा ना हरकत दाखला जुगारास कायदेशीर करू शकत नाही. तिन्ही कागद एका दोऱ्यात ओवले, तरी त्यांतून जुगाराची परवानगी निघत नाही. जाणूनबुजून जागा वापरू देणारा मालकही कायद्याच्या कक्षेत येतो; म्हणून समाजमंदिर वा पंचायतीचा गाळा भाड्याने देताना ही बाब ध्यानी घ्यावी.

सदस्यांनी ना हरकत ठराव करण्यापूर्वी तीन प्रश्न विचारावेत. खेळ कोणता? पैसे लावले जातात काय? नफा कोणाचा? उत्तर संशयास्पद असेल, तर लेखी स्वरूपात पोलीस ठाण्यास कळवावे. शिक्षकांनी मुलांना यंत्रामागील हिशेब समजावून द्यावा. हा हिशेब भ्रमणध्वनीलाही लागू पडतो. पैसे लावून खेळण्याच्या ऑनलाइन खेळांना मनाई करणारा कायदा संसदेने २०२५ मध्ये केला आहे.

बाजाराच्या दिवशी हाती आलेली मजुरी घरच्या चुलीपर्यंत पोहोचावी, एवढाच या साऱ्याचा हेतू आहे. मंडळे जगावीत, खेळ वाढावेत. त्यांच्या आडोशाने कोणाचा संसार मात्र उघड्यावर पडू नये.