जुनी वाट, नवी वाट



आपल्या बेळगावकरांना गणपत गल्ली, मारुती गल्ली, खडेबाजार डोळे मिटून फिरता येतात. तीच माणसे मुलाकडे पुण्याला किंवा बंगळूरला राहायला गेली की सोसायटीच्या फाटकाबाहेर पडायला बिचकतात. सुनेला वाटते, मामंजींना विसर पडू लागला. मामंजींनाही तसेच वाटते आणि ते घरात बसतात. या घरात बसण्याविषयी मला आज बोलायचे आहे.

वाट ओळखण्याचे काम मेंदूत मुख्यतः हिप्पोकॅम्पस आणि त्याला लागून असलेल्या भागात चालते. आपण कुठे आहोत हे सांगणाऱ्या पेशी जॉन ओकीफ यांना १९७१ साली उंदरांच्या मेंदूत आढळल्या. जागेचे जणू चौकटीचे जाळे आखणाऱ्या पेशी मे-ब्रिट आणि एडवर्ड मोझर यांनी २००५ साली दाखवल्या. तिघांना २०१४ चे नोबेल मिळाले.

उतारवयात हा भाग थोडा आकसतो. 'देवळापाशी डावीकडे' एवढे लक्षात राहते, पण रस्ता खणलेला असला आणि वळसा घ्यावा लागला की अडखळायला होते. मुरलेली वाट मात्र टिकते. म्हणजे नवी वाट उशिरा येते, पण येते.

घरच्यांनी मोटारीतून दाखवून भागत नाही. दिवसाउजेडी बरोबर चालत जावे, पण एक पाऊल मागे राहून वळण त्यांना ठरवू द्यावे. खुणा न हलणाऱ्या निवडाव्यात: पिंपळ, औषधांचे दुकान, भाजीची गाडी नव्हे. परतताना तीच वाट वेगळी दिसते, म्हणून प्रत्येक वळणावर मागे वळून पाहावे. खिशात पत्ता आणि फोन नंबर असावा. असे आठ-दहा दिवस करावे, घाई करू नये.

मात्र चाळीस वर्षांच्या स्वतःच्या घरी परतताना कुणी चुकू लागले, तर 'वय झाले' म्हणून सोडू नका. अल्झायमरची झळ याच भागाला लवकर लागते. तेव्हा माझ्या साखरेच्या गोळ्यांवर विसंबू नका, मेंदूविकारतज्ज्ञांना दाखवा. बी-१२ आणि थायरॉईडही तपासा. आम्हा जैनांसारख्या शाकाहारी घरांत बी-१२ ची उणीव बरीच आढळते आणि ती भरून काढता येते.

बाकीच्यांनी चपला घालून बाहेर पडावे. वाट विचारण्यात कमीपणा नाही.